चार घोड्यांचं रक्त

पुसेगाव
६ जानेवारी २०२५

देविदास मामा,

साधनाचा नमस्कार. तुमच्या लेकीच्या, निलमताईच्या फोनवर बोलावं म्हणलं तर तुमच्या कानाच्या मशीनची शिट्टी वाजती, आन् मग ताई मधी वरडून सांगती ते वसमतच्या सगळ्या गल्लीला कळतं. म्हणून ही चिठ्ठी. शिवप्रसादची पिकअप आठवड्यातून दोन-तीनदा तुमच्याकडं मोंढ्यात माल घेऊन येतीच. त्याच्या हाती देत जाईन, तुमीबी त्याच्याच हाती द्या.

तुमी कमरेचं हाड मोडून लेकीकडं गेले त्याला आठ महिने झाले. आपला घोडेस्वारीचा क्लब बंद पडला न्हाई, हे आधी सांगते. रविवारी सकाळी बावीस लेकरं येतात. दहाला शिलाईचं दुकान उघडायच्या आधी मी मैदानावर असते. चारा-पाणी शिवप्रसाद बघतो. टिकली घोडी मजेत हाय. नामाजीबाबाचा मेंढरांचा वाडा गावाशेजारी बसलाय तवर त्याच्या दोन तट्टाण्या, गुंडी आन् भिंगरी, आपल्याकडं हायत. आन् आता चौथा आलाय, पाखऱ्या. पांढरा, वरातीत नाचवायचा घोडा होता. त्याच्या मालकानं बँडचा धंदा सोडला आन् आपल्याला देऊन टाकला. लेकरास्नी अंगावर चढू देतो, चावत न्हाई.

येत्या सव्वीस जानेवारीला सेनगावच्या झेंडावंदनात आपली लेकरं घोड्यावरून रांगेत जाणार हायत. पंचायतीची माणसं बघायला येतील. गायरानातला तुकडा क्लबला द्यायचा ठराव त्याच्यावर अडकलाय. सध्या आमी मुन्नाभाऊंच्या वावरात शिकवतो, पण जूनमधी ते सोयाबीन पेरतील आन् दरसालासारखे पाच महिने सगळं ठप्प. त्यांची वैष्णवी तेरा वर्षांची झाली. टिकलीवर तिच्यावानी कुणी बसत न्हाई. झेंडा तिच्याच हातात देणार.

एक इचारायचं होतं. पाखऱ्याचं नाक चार दिवसांपासून गळून राहिलंय. थोडा खोकतोबी. थंडी लई हाय. काय द्यावं?

साधना

*

वसमत
९ जानेवारी

साधना,

तुझ्या चिठ्ठीतलं शेवटचं वाक्य तू पहिलं लिहायला पाहिजे होतंस.

पाण्याची बादली, तोबरा, खरारा, सगळं पाखऱ्याचं वेगळं कर. त्याला इतरांपासून लांब बांध. एकही लेकरू त्याच्याजवळ जाता कामा नये. आता मला बराबर उत्तरं दे. नाक एका बाजूने गळतं की दोन्ही? पाण्यासारखं आहे की पिवळं, चिकट? पायाच्या आतल्या बाजूने हात फिरवल्यावर गाठी लागतात का? आणि घोडा घेताना रक्त तपासल्याचा दाखला मागितलास का? टिकलीच्या वेळी मी पहिलं काम तेच केलं होतं.

भीती घालायची म्हणून लिहीत नाही. ग्लँडर्स नावाचा आजार आहे. लष्करात आम्ही त्याचं नावसुद्धा तोंडातून काढत नसू. नाकापासून सुरू होतो, मग शिरांवर गाठी येतात आणि फुटतात. जनावराला औषध नाही. रक्तात सापडला की सरकारी नियमाने जनावर मारावं लागतं. कधीकधी माणसालाही लागतो, आणि माणूसही त्यात जाऊ शकतो. माझ्या नोकरीत एका सकाळी अकरा घोडे ओळीने उभे केलेले मी पाहिले आहेत. त्यातले सहा मी लहानाचे मोठे केले होते.

बहुतेक साधं सर्दी-पडसंच असेल. पण ते तू ठरवायचं नाही, मीही नाही. जनावरांच्या डॉक्टरला उद्याच बोलाव.

देविदास

*

पुसेगाव
१३ जानेवारी

मामा,

चिठ्ठी पोचली. पाखऱ्याला पत्र्याच्या शेडात येगळं बांधलं. तुमी उगाच जिवाला लावून घेऊन राहिले. नाक आता लई कमी हाय. डॉक्टर रजेवर हायत म्हणे, आले की दाखवते.

काल काय झालं सांगते. वैष्णवीनं रिकिबीत पाय न टाकता टिकलीला दुडक्या चालीनं सगळ्या वावराला फेरी मारली. पाठ कशी, ताठ! मुन्नाभाऊ बांधावर हुभे होते. पोरगी जवळून गेली तवा त्यांनी टोपी काढून हातात धरली आन् ती जाईस्तोर घातलीच न्हाई. ह्याच माणसानं दोन वर्षांमागं तुमाला म्हणलं होतं ना, पोरीच्या जातीला घोडा काहून पाहिजे म्हणून?

लेकरांचे पांढरे सदरे मी दुकानात शिवून राहिले. चार घोडे चार बाजूंनी येऊन रांगेत मिळतात असं बसवलंय. तिनावर ते जमत न्हाई, रांग लंगडी दिसती.

कमरेला जपा. निलमताईला नमस्कार.

साधना

*

वसमत
१६ जानेवारी

साधना,

तुझी चिठ्ठी दोनदा वाचली. मी चार गोष्टी विचारल्या होत्या. एकीचंही उत्तर नाही. वैष्णवीची पाठ ताठ आहे, सदरे पांढरे आहेत, मुन्नाने टोपी काढली. नाक एका बाजूने गळतं की दोन्ही?

‘तिनावर जमत नाही’ असं लिहिलंस. म्हणजे आजारी घोडा तू रांगेत धरला आहेस. तुझ्या अक्षरावरून कळतं मला. खरं लिहितेस तेव्हा घाईत लिहितेस, आणि ही चिठ्ठी तू वहीच्या पानासारखी सुवाच्य लिहिली आहेस.

तू नववीत असताना पाटाच्या चारीवरून उडी मारताना पडलीस आणि तुझ्या आईला ‘सायकलवरून पडले’ सांगितलंस. मनगट मी बांधलं, आणि मीही गप्प राहिलो. ती चूक होती माझी.

पाखऱ्या सेनगावला जाणार नाही. हा हुकूम समज. उलट टपाली उत्तर पाहिजे.

देविदास

*

पुसेगाव
२८ जानेवारी

मामा,

बारा दिवस उत्तर दिलं न्हाई. शिवप्रसाद दोनदा दुकानावर येऊन ‘चिठ्ठी हाय का’ म्हणून गेला. न्हाई म्हणलं.

डॉक्टर रजेवर नव्हते. मी गेलेच न्हाई. नाक एकाच बाजूनं गळत होतं, पिवळं आन् चिकट. दाखला मी मागितला नव्हता. फुकट मिळालेल्या घोड्याचा कागद काय मागायचा, असं वाटलं. सव्वीस तारखेला सकाळी मिठाच्या कोमट पाण्यानं त्याचं नाक मीच धुतलं, आन् त्याला टेंपोत चढवलं.

परेड लई चांगली झाली. हे लिहितानाबी लाज वाटून राहिली, पण झाली. वैष्णवी झेंडा घेऊन म्होरं, मागं तिघं. लोकं खुर्च्यांवरून उठले. ठराव पुढच्या बैठकीत घेऊ, असं पंचायतीच्या माणसानं माझ्यापाशी येऊन सांगितलं. मला वाटलं, जिंकलं.

घरी आणून उतरवलं तर पाखऱ्या मागचा पाय टेकवीना. हात फिरवला तर मांडीच्या आतून हळकुंडाएवढ्या गाठी, जबड्याखालीबी एक. अंग तव्यासारखं तापलेलं. सोमवारी डॉक्टर आले. हातमोजे घातले, तोंडाला बांधलं. “किती दिवसांपासून?” म्हणले. मी म्हणलं, “चार दिवस झाले.” शिवप्रसाद माझ्याकडं बघत राहिला.  डॉक्टर शेडाच्या फाटकापर्यंत गेले असतील. मी पळत गेले. म्हणलं, “चार न्हाई साहेब. पंचवीस.” त्यांनी वही काढली आन् आकडा खोडून दुसरा लिहिला.

चारी घोड्यांचं रक्त घेतलंय. चार बारक्या नळ्या. लांब हरियाणात तपासायला जातं म्हणे, दहा-बारा दिवस लागतील. तवर एकबी जनावर जागचं हलवायचं न्हाई. शेडाला नोटीस लावली.

मामा, वैष्णवीला कालपासून ताप हाय. त्यांच्या घरी मी अजून काही सांगितलं न्हाई. टिकलीवर बसायच्या आधी पाखऱ्याला तीच खरारा करायची.

साधना

*

वसमत
३० जानेवारी

साधना,

ही चिठ्ठी हातात पडली की शिलाईमशीन बंद कर आणि मुन्नाच्या घरी जा. उद्या नाही. पोरीने आजारी घोडा हाताळला आहे हे दवाखान्यातल्या डॉक्टरला माहीत नसेल तर तो भलत्याच तापाचं औषध देत बसेल. तुला शिव्या पडतील. पडू दे. नंतर बावीसच्या बावीस घरी स्वतः जा. शिवप्रसादला पाठवू नकोस.

क्लब तुझ्या हाती दिला तेव्हा मी एकच गोष्ट सांगितली होती, आधी लेकरू, मग घोडा, मग आपण. तू आधी मैदान ठेवलंस. रागात लिहितो आहे, अक्षर वाईट आलं आहे, समजून घे.

डॉक्टरच्या मागे पळत गेलीस ते मात्र बरं केलंस.

टिकलीकडे नीट बघत जा. तिचा श्वास, नाकपुड्या, भूक. काही वेगळं वाटलं तर मला लगेच कळव.

देविदास

*

पुसेगाव
४ फेब्रुवारी

मामा,

गेले. मुन्नाभाऊंच्या घरी आधी गेले. वैष्णवी बाजेवर पडलेली, तिची आई निता कपाळावर घड्या ठेवत होती. मी हुभ्या हुभ्या सगळं सांगितलं, नाक धुतल्याचंबी. मुन्नाभाऊंनी गाडीची चावी घेतली, पोरीला चादरीत गुंडाळलं, मधी बसवलं, मागं निता, आन् तसेच हिंगोलीला सरकारी दवाखान्यात. दुपारी एकटे परत आले आन् बाभळीच्या फांद्या तोडून वावराचं तोंड बंद केलं. मी रस्त्यावर हुभी होते. म्हणले, “माझ्या वावरात आता कुणाचं लेकरू पाय ठेवणार न्हाई. आन् माझ्या पोरीला काय झालं तर तुमी गावात ऱ्हायचं न्हाई, साधनाबाई.” बारा वर्षांपासून मला वहिनी म्हणायचे ते.

एकवीस घरं राहिली होती, चार दिवस लागले. कुणी पाणी इचारलं, कुणी दारातूनच. एका घरी म्हातारबा म्हणले, “तू सांगायला तरी आली.” ते ऐकून जास्ती रडू आलं.

काल सकाळी नामाजीबाबा आला. त्याचा वाडा हलायचाय, पूर्णेच्या अंगाला चारा हाय, इथला संपला. तट्टाण्या सोडायलाच लागला. मी फाटकात हुभी राहिले.

“बाबा, रिपोट आल्याबिगर न्हाई.”

“माझ्या जनावराला काय बी झालं न्हाई. बाजूला व्हय.”

“झालं असलं आन् तुमी नेलं तर वाटंतल्या साऱ्या जनावरांत जाईल.”

“पोरी, तुमी घोड्यांचा खेळ मांडला. आमचं घर त्यांच्या पाठीवर असतंय. भांडी, वाकळा, कोकरं, सारं. मेंढरं उपाशी ठिवू का तुझ्या कागदापाई?”

हातात काठी होती त्याच्या. त्यानं उचलली न्हाई, पण खाली टेकवलीबी न्हाई. मी म्हणलं, “चूक माझी हाय. पण फाटक उघडणार न्हाई.” लई वेळ हुभा राहिला. मग तिथंच फाटकाला टेकून बसला. आज सकाळीबी येऊन बसला.  शिवप्रसाद त्याच्या मेंढरांसाठी पिकअपमधी तुरीचा भुसा नेऊन टाकतो.

तुमी टिकलीकडं बघ म्हणून लिहिलं. तुमचा जीव तिच्यात हाय, कळतं मला. ती ठणठणीत हाय, अंग कसं चमकून राहिलंय. तिचा दाखला हाय म्हणून लोकास्नीबी सांगते, हिची भीती न्हाई. त्यामुळं चार लेकरं शाळेत जाताना येतात, कुंपणातून तिच्या तोंडावरून हात फिरवतात. सगळंच बंद केलं तर त्यांनी काय करावं? डॉक्टर मात्र म्हणले, दाखला दाखवा. तुमच्या ट्रंकेत असंल. शिवप्रसादच्या हाती पाठवा.

वैष्णवीचं अजून काही कळलं न्हाई.

साधना

*

वसमत
५ फेब्रुवारी

साधना,

शिवप्रसादला आजच उलट्या पावली पाठवतो आहे. आधी त्या चार लेकरांना टिकलीपासून दूर कर. हात धुवायला लाव, घरच्यांना सांग, डॉक्टरला त्यांची नावं दे. हे केल्यावर पुढचं वाच.

दाखला नाही. ट्रंकेत नाही, कुठेच नाही. टिकलीचं रक्त मी कधी तपासलंच नाही.

दोन वर्षांपूर्वी एक व्यापारी घोड्यांचा तांडा घेऊन रस्त्याने चालला होता. त्याच्याकडे ही घोडी बघितली. चाल बघितली, खूर बघितले, दात बघितले. रक्त तपासून यायला दहा दिवस लागले असते आणि तो दुसऱ्या दिवशी पुढे जाणार होता. आपल्याकडे तेव्हा आठ लेकरं होती आणि घोडा एकही नव्हता. लाकडाच्या ओंडक्यावर खोगीर टाकून शिकवत होतो मी. चोवीस वर्षं घोड्यांत काढली, डोळ्याला कळतं, असं मनाला सांगितलं. आणून बांधली. पंचायतीत कुणीतरी कागदाचं विचारलं तेव्हा ‘ट्रंकेत आहे’ म्हणालो. नंतर तू विचारलंस तेव्हाही तेच. नंतर कुणी विचारलं नाही.

हा आजार कधीकधी जनावराच्या अंगात गुपचूप राहतो. वरून काही दिसत नाही. अंग चमकतं, भूक लागते. मला हे माहीत होतं. ९ जानेवारीला तुला पहिली चिठ्ठी लिहिली त्या दिवसापासून माझ्या डोळ्यांपुढे पाखऱ्या नव्हता, टिकली होती. ‘तिच्याकडे बघत जा’ लिहिलं ते मायेने नाही, भीतीने. आणि तरी मधल्या चिठ्ठीत तुला हुकूम सोडत होतो, तुझ्या अक्षरावरून तुझं खोटं पकडत होतो.

रिपोर्ट यायच्या आत लिहितो आहे. आल्यावर लिहिलं असतं तर त्याला काही किंमत राहिली नसती.

देविदास

*

पुसेगाव
११ फेब्रुवारी

मामांस,

रिपोट आला.

पाखऱ्याला तो आजार न्हाई. घशाचा साधा रोग होता, गाठ फुटली, पू निघाला, आता दाणा खातो. गुंडीला न्हाई. भिंगरीला न्हाई.

टिकलीला हाय. तेच रक्त दुसऱ्या रीतीनं परत तपासलं, तेच आलं.

वैष्णवीला विषमज्वर निघाला, टायफॉइड. ह्या आजाराचीबी तपासणी केली, ती साफ आली. अंगात काही राहिलं न्हाई पोरीच्या, पण धोका टळला. दोन वर्षं ती त्या घोडीच्या मानेवर गाल टेकून बसायची, मामा. टळला म्हणजे नशिबानं टळला. तुमच्यामुळं न्हाई आन् माझ्यामुळंबी न्हाई.

चार लेकरांचं रक्त उद्या घेणार हायत. त्यांच्या आयांस्नी मी सांगितलं होतं, टिकलीची भीती न्हाई. माझ्या तोंडानं सांगितलं होतं. मी पंचवीस दिवस लपवलं, तुमी दोन वर्षं. पण माझं खोटं मला खोटं म्हणून ठाऊक होतं. तुमचं मी खरं म्हणून घरोघर वाटत फिरले.

शनिवारी, पंधरा तारखेला, सकाळी दहाला डॉक्टर येणार. इंजेक्शन देताना ओळखीच्या माणसानं तोंडापाशी धरलं तर जनावर बुजत न्हाई, म्हणले. मी धरू शकते. पण तिला आणलं तुमी.

साधना

*

वसमत
२० फेब्रुवारी

साधना,

शनिवारी मी आलो तेव्हा तू माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस. तुला म्हणायचं होतं ते सगळं मला ऐकू आलं असं समज.

काठी टेकत मी शेडापर्यंत आलो तेव्हा तिने कान उभे केले, हे तूही पाहिलंस. डॉक्टरांनी मला मोजे दिले, तोंड बांधलं, तरी तिने ओळखलं. माझ्या खांद्यावर डोकं घासायला लागली आणि माझी काठी पडली. पहिल्या इंजेक्शनने तिला गुंगी आली. गुडघे वाकले तसा मीही तिच्याबरोबर खाली बसलो. लष्करात अकरा घोड्यांच्या वेळी मी रांगेत उभा होतो, दोर दुसऱ्यांच्या हातात होते. हातात दोर असताना काय होतं ते मला एकसष्टाव्या वर्षी कळलं.

नंतर शाळेच्या अंगणात आईबापांसमोर मी सांगितलं. ते सांगणं अवघड गेलं नाही. त्या चार लेकरांपैकी एकाची आई उठली आणि म्हणाली, “आमची लेकरं तिच्या गळ्यात पडायची, तवा तुमी तिथंच हुभे राहून हसायचे. तवा मनात काय येत होतं तुमच्या?” याचं उत्तर पाच दिवस शोधतो आहे. खरं उत्तर हे आहे की काहीच येत नव्हतं. मी विसरून गेलो होतो. लपवलेली गोष्ट माणूस इतकी नीट ठेवतो की त्याला स्वतःलाच ती सापडत नाही.

क्लबच्या कागदावरून माझं नाव काढ. मी परत येणार नाही. चार लेकरांचं काय झालं तेवढं मात्र कळव. एक ओळ पुरे.

देविदास

*

पुसेगाव
२४ फेब्रुवारी

चौघंबी साफ.

साधना

*

पुसेगाव
२८ एप्रिल

मामा,

दोन महिन्यांनी लिहून राहिले. मधी लिहावं असं वाटलं न्हाई, खरं सांगते.

जनावरांचं दुसऱ्यांदा रक्त घेतलं, तिघंबी साफ. मागच्या सोमवारी नोटीस काढली. दुपारी नामाजीबाबा तट्टाण्या न्यायला आला. अडकून पडल्यामुळं त्याची सात कोकरं गेली, चारा पुरला न्हाई. हे त्यानं मला सांगितलं न्हाई, शिवप्रसादला सांगितलं. मी हात जोडले. तो भिंगरीवर वाकळा बांधत होता. वर न बघता म्हणला, “फाटक उघडलं असतं तर म्या नेली असती.” एवढंच. राग होता का दुसरं काही, मला कळलं न्हाई. आता पूर्णेच्या अंगाला गेला असंल. परत देईल का, ठाऊक न्हाई.

पंचायतीनं ठराव घेतला न्हाई. एवढं झाल्यावर कशाला घेतील. पण गायरानात रविवारी सकाळी बसायला कुणी अडवलं न्हाई. क्लब बंद करावा असं माझ्या घरचे म्हणले, शिवप्रसादबी एकदा म्हणला. मी परत बावीस घरी गेले. म्हणलं, पाखऱ्याच्या दोन्ही तपासण्यांचे कागद शेडाला लावलेत, येऊन वाचा. इथून पुढं कागदाबिगर जनावर फाटकाच्या आत येणार न्हाई, आन् लेकरं पाठवायची का न्हाई ते तुमी ठरवा.

काल रविवार होता. सहा लेकरं आली. पाखऱ्याचा पाय अजून कच्चा हाय, त्याच्यावर बसता येत न्हाई. मग मी त्यास्नी खोगीर उतरवायला, बांधायला लावलं. पोटाखालचा तंग किती आवळायचा, रिकीब कुठवर सोडायची. एक पोरगं कंटाळलं, दगडं मारत बसलं. उन्हं चढली.

सव्वासातला मुन्नाभाऊंची गाडी आली. मागं वैष्णवी. बांधाच्या पल्याड थांबवली, गाडी चालूच. पोरगी उतरली न्हाई, तिथूनच बघत राहिली. केस गळाले म्हणून बारीक कापलेत तिचे. हात काडीवानी. मी जावं का न्हाई, कळंना. मग गेले.

“काकू, टिकलीला कुठं पुरलं?”

मी मुन्नाभाऊंकडं बघितलं. ते म्होरं बघत होते.

“तिकडं, पळसाच्या पल्याड.”

“दुखलं का तिला?”

“न्हाई. आधी गुंगी दिली. देविदास मामानं धरलं होतं.”

 गाडीच्या आवाजात तिचं बोलणं नीट ऐकू येईना म्हणून मी जवळ वाकले. ती म्हणली, “मामा मला टाचेनं घोडा वळवायचं शिकवत होते. अर्धंच राहिलं. ते येणार हायत का आता?”

 ठाऊक न्हाई, म्हणलं.

मुन्नाभाऊंनी तवर माझ्याकडं एकदाबी बघितलं नव्हतं. तसंच म्होरं बघत म्हणले, “घोड्यावर ती बसणार न्हाई. वर्षभर तरी न्हाई. पण तोंडानं सांगायला त्यास्नी काय होतंय? त्यांचीच चूक, त्यांनीच येऊन पुरं करावं.” आन् गाडी बंद केली. वैष्णवी उतरली, पोरांत जाऊन बसली. तिला बघून ते दगडं मारणारं पोरगंबी उठून जवळ आलं. मुन्नाभाऊ बांधावर बसून राहिले, दीड तास. जाताना मला वहिनी म्हणले न्हाईत. साधनाबाईच म्हणले. “पुढच्या रविवारी कितीला, साधनाबाई?”

मामा, मी तुमाला माफ केलं असं समजू नका. मला तरी कुठं कुणी केलंय. तुमचं नावबी मी कागदावरून काढलं न्हाई, आळस म्हणा. इथं सात लेकरं हायत आन् एक लंगडा घोडा हाय. मला जेवढं येतं तेवढं सगळं काल शिकवून झालं.

रविवारी पहाटं साडेचारला शिवप्रसाद तुमच्या दारात गाडी लावंल. खुर्ची इथं हाय. गाडीत कमरेखाली उशी घेऊन बसा, औंढ्यापर्यंत रस्ता लई खराब हाय.

साधना